पहिल्या गिऱ्हाइकाचा भाव

तांब्याचा बंद गडू हातात दिला की गिऱ्हाईक आधी तो उलटा करतं. मग टिचकी मारतं. मग कानाशी नेऊन हलवतं, आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की विचारतं, "हे गंगेचंच ना?" चौदा वर्षांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल, देव जाणे. दुकानापासून गंगा चालत सात मिनिटांवर. गल्लीतल्या नळाला पाणी यायचं दिवसातून दोन तास, तेही करंगळीएवढं. त्यामुळे गंगेचं पाणी भरणंच आम्हाला सोयीचं होतं, पण हे काही गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. मी आपला म्हणायचो, "गंगेचंच हो काकू, माझ्या डोळ्यांदेखत भरलंय."

मी बनारसचा मराठी. आमचं घर राजा घाटाच्या मागच्या गल्लीत, किती पिढ्यांपासून ते वडीलसुद्धा दर वेळी वेगळं सांगायचे. ते स्वतः पाठशाळेत व्याकरण शिकवत, काका यात्रेकरूंची श्राद्धं चालवीत, धाकटा भाऊ रेल्वेत चिकटला. मी गेलो भांड्यांच्या दुकानात मॅनेजर म्हणून. काकांनी वर्षभर माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. माझ्या मराठीत हिंदी घुसतं हे मला माहीत आहे, वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं. माझ्या मुलांच्या हिंदीत मराठी घुसत नाही, त्यापेक्षा हे बरं.

दुकान चौकाच्या मागच्या गल्लीत होतं. तांबं, पितळ, काशाची ताटं, समया, घंगाळी असं सगळं आमच्याकडे मिळे, पण खरा उठाव गंगेच्या गडवांना. काशीयात्रा करून परतणारं मराठी माणूस गडू घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही. घरी गेल्यावर मावंदं घालतात, गंगापूजन करतात, तेव्हा तो लागतो. दारातच नन्हकू कसेरा शेगडी पेटवून बसलेला असे. गडूत पाणी भरायचं, वर झाकण बसवायचं आणि कथील वितळवून कडेने सांधून टाकायचं, हे त्याचं काम. चाळिशीचा माणूस, बोलायला कंजूष. दारात बसल्यामुळे कोण आलं, काय बोललं, कोण रागावून गेलं, हे सगळं त्याला दिसायचं, आणि तो कुणाला काही सांगायचा नाही.

विक्रीला पाच माणसं होती. त्यांच्यातले सगळ्यात जुने रामकृपाल चाचा. ते रामनगरहून रोज नावेने यायचे, पावसाळ्यात नावा बंद झाल्या की पुलावरून वळसा घालून. दुकानाचे मालक बडे सेठ, त्यांच्या वडिलांनी चाचांना ठेवलेलं. अंगात स्वच्छ धोतर-कुडता, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला मैनेजर साहब, आणि दोघंही एकमेकांना आप.

आता भाव कसा ठरायचा ते सांगतो, कारण बाहेरच्यांना ते कधी कळत नाही. भांड्याला चिठ्ठी लावलेली असे, पण तिच्यावर आकडा नसे, दोन-तीन अक्षरं असत. ती अक्षरं वाचली की दुकानाला ते भांडं केवढ्याला पडलं हे आमच्या माणसाला कळे. त्याच्यावर किती सांगायचं आणि किती सोडायचं, हे विकणाऱ्याच्या जिभेवर. वजन, मजुरी, घडण, हे सगळं असतंच. पण सगळ्यात मोठी गोष्ट समोरचा माणूस. चाचा गिऱ्हाइकाच्या चपला बघायचे. चपलेवरून त्यांना कळायचं की हा पायी आलाय की रिक्षाने, आज आलाय की चार दिवसांपूर्वी, आणि पैसे संपत आलेत की नाही. त्याप्रमाणे ते आकडा सांगायचे, आणि ज्या आकड्यावर गिऱ्हाईक यावं असं त्यांच्या मनात असे, त्याच आकड्यावर ते येई. वाटेत मुलांची चौकशी, गावच्या पावसाची चौकशी. घासाघीस करून जाताना लोक चाचांना नमस्कार करायचे.

एकदा जळगावकडचे एक गृहस्थ आले. मुन्शी घाटावरून नावेत बसून, ऐन धारेतलं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने भरून आणलेलं. गडू आमचा, पाणी त्यांचं. ते म्हणाले, दुसऱ्याचा हात लागू देणार नाही, पुण्य वाटलं जाईल. झालं, मग गडू त्यांनी धरायचा आणि नन्हकूने कथील लावायचं. तांबं तापलं. गृहस्थांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण गडू सोडायला तयार नाहीत. शेवटी नन्हकूने ओलं फडकं त्यांच्या बोटांभोवती गुंडाळलं. सगळं झाल्यावर बोटं फुंकत हे महाशय काय म्हणतात, "पाणी माझं आहे, तर पाण्याचे पैसे कमी करा." पाण्याचे पैसे आम्ही कुणाकडूनच घेत नव्हतो. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते गोड नव्हतं. चाचा गंभीरपणे म्हणाले, "ठीक बात है. पानी का दो रुपया कम." गृहस्थ खूश, जाताना आणखी एक घंटा घेऊन गेले.

मला हे जमायचं नाही. मी तापट आहे, आणि मला घासाघीस करता येत नाही. भाजीवाल्याने दहा म्हटलं की मी दहा देतो आणि घरी येऊन बोलणी खातो. त्यामुळे आमच्या घरी भाजी हीच आणते, म्हणजे माझी बायको. ती दशाश्वमेधाच्या बाजारात एका फ्लॉवरवर पाच मिनिटं घालवते आणि त्याच भाजीवालीच्या सुनेला बाळंतपणाचे लाडू नेऊन देते. मला यातलं एकही जमलं नाही.

माणसं सांभाळायचं मात्र शिकलो, म्हणजे तसं मला वाटत होतं. पाच विक्रेते आणि गिऱ्हाईक एक, की भांडण आलंच. जो आधी "आइए" म्हणेल त्याचं गिऱ्हाईक, अशी जुनी रीत. त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी सावली दिसली की पाचही जण एकदम ओरडायचे आणि गिऱ्हाईक घाबरून पुढच्या दुकानात शिरायचं. मी पाळ्या लावल्या. मग पाळी नसलेला पान खायला जाऊन तासाने यायचा, आणि चुन्याची बोटं पितळी परातीला पुसायचा. हळूहळू माझे काही नियम ठरले. घरून भांडून आलेल्या माणसाला सकाळी गिऱ्हाइकासमोर उभं करायचं नाही, त्याला समया पुसायला द्यायच्या. बोलायचं असेल तर जेवणानंतर बोलायचं. आणि कोणाही माणसाला गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, चूक कितीही मोठी असो. हा शेवटचा नियम मी स्वतः केला होता आणि माझा मला त्याचा फार अभिमान होता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बडे सेठ दुकानात येईनासे झाले. त्यांचा मुलगा, ज्याला सगळे छोटे सेठ म्हणत, तो बघू लागला. त्याच सुमारास अमरावतीकडच्या दोघी बहिणी आल्या. थोरलीने एक समयांची जोडी घेतली, भरपूर घासाघीस करून. दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच आली, तिनेही तश्शीच जोडी घेतली, आमच्या एका माणसाने सांगितलं तेवढे पैसे देऊन. ती शाळेत शिकवायची, अगदी हळू बोलायची. संध्याकाळी ती परत आली. तिच्या जोडीला चाळीस रुपये जास्त पडले होते. मी घाईघाईने पैसे परत द्यायला लागलो, तर म्हणाली, "पैशाचं नाही हो. मला एवढंच विचारायचं होतं, मला बोलता येत नाही म्हणून मला जास्त?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण मी तिच्याच जातकुळीचा. जन्मभर भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी मला जास्त लावलं, ते मला बोलता येत नाही म्हणूनच. आणि इथे मीच त्या गादीवर बसून तेच करत होतो. मला माझी लाज वाटली. मी छोट्या सेठला म्हटलं, एकाच वस्तूचा एकच भाव करू. त्याने दिल्लीत तशी दुकानं पाहिली होती, तो लगेच हो म्हणाला. आठ दिवस बसून आम्ही हजारभर भांड्यांवर आकडे लिहिले. दारात पाटी लावली, "एक दाम". खाली मी मराठीत मुद्दाम लिहिलं, "भाव एकच. घासाघीस करू नये." हिंदीत दोन शब्द पुरले, मराठीत पूर्ण वाक्य लागलं. आपली माणसं मला ठाऊक होती.

पाटी लागली त्या दिवशी चाचा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे आले.

"मैनेजर साहब, बात अच्छी है. गरीब आदमी ठगा नहीं जाएगा."

"मग?"

"बस एक बात. बोहनी छोड़ दीजिए. पहला गाहक."

बोहनी म्हणजे आपण मराठीत जिला भवानी म्हणतो ती, दिवसाची पहिली विक्री. बनारसचा दुकानदार पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. ते गेलं तर दिवस गेला. नफा सोडेल, वेळ पडली तर पदरचंही सोडेल, पण पहिलं गिऱ्हाईक परतवणार नाही. पैसे हातात आले की कपाळाला लावून मग गल्ल्यात टाकेल. आमच्या दुकानाची बोहनी तीस वर्षं चाचांच्या हातची होती. ते सकाळी सगळ्यांत आधी येत ते त्याचसाठी.

मी म्हटलं, "चाचा, गडवाला एक भोक पडलं की अख्खा गडू रिकामा होतो. आज बोहनी सोडली, उद्या सणवार सोडा म्हणतील, परवा ओळखीचे लोक. नाही."

"जैसी आपकी मर्जी," ते म्हणाले, आणि फडकं खांद्यावरून काढून पाटी पुसली. पाटी नवीनच होती, पुसायची गरज नव्हती.

पहिला महिना वाईट गेला. लोक पाटी वाचायचे, मान डोलवायचे, आणि विचारायचे, "बरं, ते झालं. शेवटचं किती?" पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, एकच भाव हे ठीक, पण तो कोणता ते आधी ठरवू. यात्रेकरूंना घेऊन येणारे गाइड आमची गल्ली टाळायला लागले, त्यांना त्यांचा वाटा मिळेना. मग हळूहळू दुसरेच लोक यायला लागले. मास्तर लोक, बँकेतले, विद्यापीठातले, एकट्या बायका, कमी बोलणारी माणसं. विक्री पूर्वपदावर आली. मला मनातून फार बरं वाटत होतं. मी घरी येऊन हिला सांगायचो, बघ, आज एकानेही भाव विचारला नाही. ही म्हणायची, "म्हणजे दिवसभर कुणी कुणाशी बोललंच नाही."

होळी होऊन चार दिवस झाले असतील. दुपारी साताऱ्याकडच्या यात्रेचा एक घोळका दुकानात आला, दहा-बारा बायका. मधल्या काकूंनी मोठा गडू उचलला, चिठ्ठी बघितली. पंचाण्णव रुपये.

"अहो, हे काय?" त्या मला म्हणाल्या. "आमच्या ह्या वन्सं सकाळी घेऊन गेल्या हाच गडू. त्यांना पंचाऐंशीला दिलात. त्या तुमच्या म्हाताऱ्या माणसाने."

वन्संनी मागून मान हलवली. "हो, मी निघालेच होते. तर ते गल्लीत मागे आले, म्हणाले, ताई, सकाळची वेळ आहे, जाऊ नका, पंचाऐंशी द्या."

दहा-बाराही जणींनी पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. एकीने तोंडाला पदर लावला. मी खरंच सांगतो, माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. ती पाटी म्हणजे माझी इज्जत होती. ती शाळेतली बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. मला वाटलं, मी तिला मनोमन दिलेला शब्द ह्या माणसाने दहा रुपयांना विकला.

मी जागेवरून ओरडलो, "रामकृपालजी!" मी त्यांना त्या दिवशी चाचा म्हटलं नाही. ते एक गडू पुसत होते. मी विचारलं, सकाळी पंचाऐंशीला विकला की नाही. ते म्हणाले, "हाँ." मी म्हटलं, पाटी वाचता येते ना? ते गडू पुसत राहिले. मग मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढं लिहितो की शेवटी मी म्हणालो, तुम्ही मला ह्या सगळ्यांसमोर खोटारडा ठरवलंत, उद्यापासून येऊ नका.

काकू घाबरल्या. "अहो, मी सहज म्हटलं हो, एवढं कशाला," असं काहीतरी त्या म्हणत होत्या. चाचांनी हातातला गडू पुसून पुरा केला, जागेवर ठेवला, फडक्याची घडी घातली आणि गादीच्या कडेवर ठेवली. चपला घातल्या. नन्हकूच्या शेगडीला वळसा घालून ते निघून गेले. त्यांनी मागे बघितलं नाही.

संध्याकाळी दुकान आवरताना मी दिवसाच्या पावत्या बघत होतो. सवयीने. पहिली पावती मोठ्या गडवाची. पंचाण्णव रुपये. मी ती दोनदा वाचली. पैसे पुरे जमा होते. बाईंनी पंचाऐंशी दिले होते, गल्ल्यात पंचाण्णव आले होते.

मी नन्हकूकडे बघितलं. तो शेगडीतले निखारे विझवत होता.

"नन्हकू, हे काय आहे?"

"आपको नहीं पता था?" तो म्हणाला. "हम लोग तो सोचते थे आपको पता है." मग त्याने सांगितलं. पाटी लागल्यापासून असंच चाललं होतं. रोज नाही. ज्या सकाळी पहिलं गिऱ्हाईक भावावरून परत जायला निघे, त्या सकाळी चाचा त्याला कमी भावात देत, आणि काउंटरवर स्वतः पैसे भरायला येत, म्हणजे गिऱ्हाइकाला कळू नये. वरचे पाच-दहा रुपये स्वतःच्या खिशातले. "कहते थे, मैनेजर साहब का नियम भी रहे, दुकान की बोहनी भी न बिगड़े."

इतकं सलग नन्हकू आधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही बोलला नाही.

आता माझ्यासारख्या माणसाने काय करायला हवं होतं? त्याच संध्याकाळी नावेत बसायला हवं होतं. राजा घाटावरून रामनगरला जायला तासभर लागतो. मला आठ महिने लागले.

कारणं होती. छोटा सेठ म्हणाला, आदमी भले हैं, लेकिन नियम तो तोड़ा ना. मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो. चूक फक्त माझी नाही असं कुणीतरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मग उन्हाळा आला, गर्दी आली. मग पावसाळा, नावा बंद. मग पितृपक्ष, मग दिवाळी. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायचं, चिठ्ठी बघायचं, शेवटचं किती म्हणून विचारायचं आणि निघून जायचं. त्याच्या मागे गल्लीत कोणी जायचं नाही. चारही जण गप्प उभे राहायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. तोंडावर कोणी एक शब्द बोललं नाही. कामं चोख करायचे, पण माझ्या पाठीमागे हसणं बंद झालं. पूर्वी हसायचे, आणि मला त्याचा राग यायचा.

शेवटी हीच बोलली. कुठे तरी विषय निघाला आणि ही म्हणाली, "तुम्ही माणसालासुद्धा चिठ्ठी लावलीत. आता काढायला हात धजत नाही. एवढा कसला हो ताठा?" मी चिडलो. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंधार असतानाच उठलो आणि घाटावर गेलो.

कार्तिक महिना होता. रामनगरच्या बाजारात चाचांनी भांड्यांचं छोटं दुकान मांडलंय, हे मला नावाड्यानेच सांगितलं. एक फळी, एक मांडणी, दोन टोपल्या. चाचा नुकतेच झाडून उदबत्ती लावत होते. मला बघून त्यांना धक्का बसला असेल तर दिसलं नाही. त्यांनी पाट पुढे सरकवला.

"आइए मैनेजर साहब. बैठिए."

मी घोकून आलो होतो. बसल्या बसल्या म्हटलं, "चाचा, मी तुमची..."

त्यांनी हात वर केला. "अभी बोहनी नहीं हुई है. पहले कुछ ले लीजिए. बात बाद में."

म्हणजे पहिलं गिऱ्हाईक मी होतो. मी टोपलीत बघितलं आणि संध्येची एक तांब्याची पळी उचलली. छान वजनदार, दांड्याच्या टोकाला नाग. "केवढ्याला?"

"तीस."

मी खिशातून तीस रुपये काढले. चाचांनी हात पुढे केला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

"मोल नहीं करेंगे?"

"मला जमत नाही, चाचा. तुम्हाला ठाऊक आहे."

"ऐसे तो आदमी दवाखाने में पैसा देता है," ते म्हणाले. "हमारे दरवाजे पर आए हैं. कुछ तो बोलिए."

मी पळी हातात फिरवली. चौदा वर्षं भांड्यांत काढलेला माणूस मी, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "अठ्ठावीस."

"बस? दो रुपया?" ते हसले. "उतना तो जलगाँव वाले को पानी का छोड़ा था."

मलाही हसू आलं. मी म्हटलं, पंचवीस. ते म्हणाले, नाग बघा, हाताने ठोकलेला आहे. मी म्हटलं, नागाचा एक डोळा वाकडा आहे. ते म्हणाले, मग तो तुमच्याकडेच बघतोय. मी म्हटलं, वीस. माझ्या तोंडून वीस कसं आलं मला कळलं नाही. ते म्हणाले, वीसला टोपली न्या. असं करत करत, हिच्या तब्येतीची चौकशी होऊन, त्यांच्या नातीचं लग्न ठरल्याचं ऐकून, आम्ही बावीसवर आलो. चाचांनी पैसे कपाळाला लावले आणि डब्यात टाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अब कहिए."

मी सांगितलं. पावती संध्याकाळीच बघितली हेही सांगितलं, आणि तरी आठ महिने आलो नाही हेही. मी म्हटलं, "माझी चूक झाली. फार मोठी झाली. मला माफ करा."

"इसका मोल नहीं करेंगे," चाचा म्हणाले. "जितनी आपने दी, उतनी ले ली."

मी विचारलं, त्या वेळी तुम्ही बोलला का नाहीत? एक वाक्य बोलला असतात तर सगळं थांबलं असतं. त्यांनी उदबत्तीची राख बाजूला केली. म्हणाले, त्या बायकांसमोर काय सांगायचं? की दुकानातला नोकर खिशातून पैसे भरतो, तेव्हा कुठे भवानी होते? त्या गावी जाऊन काय सांगतील? तीस वर्षांच्या दुकानाची अब्रू गिऱ्हाइकासमोर नाही उघडी करत. "यह नियम तो आप ही का था, साहब. गाहक के सामने नहीं बोलना."

मी म्हटलं, परत चला. पगार वाढवून देतो, बोहनी तुमची, पाटीवर तसं लिहून ठेवतो. त्यांनी मान हलवली, पण ती नाहीची होती. आता ही गादी, लहान का होईना, माझ्या हातची आहे, ते म्हणाले. रोज नदी ओलांडायचं वय राहिलं नाही. मला नावेपर्यंत सोडायला ते आले आणि चढताना म्हणाले, "पहले गाहक को खाली मत भेजिए. बाकी आपका नियम अच्छा है."

दुकानात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. कागद सोडून पळी काढली आणि सवयीने तराजूत टाकली. त्या दिवसाच्या भावाने नुसतं तांबंच सव्वीस रुपयांचं होतं. मजुरी वेगळी, नाग वेगळा. ज्याने त्यांना दहा बायकांसमोर घालवलं, त्याची भवानीही त्यांनी स्वतःच्या खिशातून केली होती.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी दुकान उघडलं. नऊच्या सुमारास नागपूरकडचं एक जोडपं आलं. बाईंनी मोठा गडू उलटा केला, टिचकी मारली, चिठ्ठी बघितली आणि ठेवून दिला. नवरा पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, चल, इथे काही कमी होणार नाही. दोघं पायऱ्या उतरले.

मी गादीवरून उठलो, चपला न घालताच, आणि गल्लीत त्यांच्या मागे गेलो. "ताई, थांबा. सकाळची वेळ आहे. तुम्ही सांगा, केवढ्याला हवा?"

वरचे आठ रुपये मी माझ्या खिशातून गल्ल्यात टाकले. नन्हकूने बघितलं, आणि गडूवर झाकण बसवायला घेतलं.